आधी उजेड, मग कॅमेरा

चवथीची सुटी संपून शाळा पुन्हा भरली, की पुढले आठ-दहा दिवस वर्गात एकच विषय चाललेला असतो. कोणाच्या घरची माटोळी केवढी होती, कोणाला रानात कांगलां मिळाली, कोणाच्या काकाने नारळाची पेंड एकट्याने बांधली, हे सारे आम्ही दर वर्षी कौतुकाने ऐकतो. अलीकडे त्याच्या जोडीला माटोळीचे फोटोही आले आहेत. शाळेत भ्रमणध्वनी आणण्यास बंदी असल्यामुळे ते आम्हांला पालकसभेच्या दिवशी आईबापांच्या हातातून पाहावयास मिळतात. एका विद्यार्थिनीने पाच दिवसांत चारशेहून अधिक फोटो काढले होते. तिच्या आईने ते मोठ्या अभिमानाने दाखविले आणि आम्हीही ते पाहिले. फ्लॅशच्या झोताने पुढची दोन फळे पांढरीफटक झालेली, मागचे सर्व काळोखात बुडालेले, असे एकच चित्र चारशे वेळा काढलेले होते. यातले तुला कोणते आवडते, असे आम्ही तिला सहज विचारले. ती बराच वेळ बोटाने फोटो मागेपुढे सरकवीत राहिली आणि शेवटी म्हणाली, “सर्व सारखेच दिसतात.”

तिचे हे उत्तर प्रामाणिक होते, आणि म्हणूनच ते आमच्या मनात घर करून राहिले.

मुलांच्या हाती कॅमेरा द्यावा की न द्यावा, यावर पालकांत सध्या दोन तट आहेत. एक म्हणतो, हे सर्व अभ्यासाच्या मुळावर येणारे खूळ आहे. ते घरात शिरूच देऊ नये. दुसरा तट मुलाने नुसते नाव काढताच तीस-चाळीस हजारांचा कॅमेरा आणून देतो, आणि तो कॅमेरा सहा महिन्यांनी कपाटात बुरशी खात पडतो. (आपल्या कोकणपट्टीच्या हवेत भिंगावर बुरशी चढावयास एक पावसाळा पुरतो, हे या मंडळींना दुकानदार सांगत नाहीत.) आम्हांला हे दोन्ही पक्ष मान्य नाहीत. छायाचित्रण हे माध्यमिक शाळेतील मुलामुलींनी अवश्य शिकावे असेच आमचे मत आहे. मात्र शिकावे म्हणजे शिकावे. नुसते बटण दाबणे म्हणजे शिकणे नव्हे. आणि त्या शिक्षणाचा आरंभ यंत्रापासून होत नाही, उजेडापासून होतो.

हे आम्ही कोणत्याही पुस्तकाच्या आधारे सांगत नाही. आमच्याच हातून घडलेली एक चूक त्याच्या मुळाशी आहे, ती सांगतो.

२००१ सालची चवथ. आम्ही तेव्हा सातवीत होतो. मुंबईचा मामा आला होता आणि त्याने येताना छत्तीस फोटोंचा रोल घातलेला एक साधा कॅमेरा आणला होता. रोलातले शेवटचे पाच-सहा फोटो उरले तेव्हा त्याने तो आमच्या हाती दिला. आमचे घर फोंडा तालुक्यात, जुन्या वळणाचे. मध्ये राजांगण, चारी बाजूंनी पडवी. आजी पडवीच्या कडेला राजांगणाकडे पाठ करून पाने निवडीत बसली होती. पाऊस नुकताच थांबला होता आणि राजांगण उजेडाने भरून गेले होते. आम्ही आतल्या अंधारातून तिच्यावर कॅमेरा रोखला आणि ओरडलो, “आजी, हांगा पळय गो!” आजीने मान वर केली आणि ती हसली. आमची आजी फोटोत कधी हसत नसे. घरात तिचे जे दोन-तीन फोटो होते त्यांत ती पोलिसात जबानी द्यावयास उभी असल्यासारखी दिसे. त्या दिवशी मात्र समोर नातवंड होते, फोटोवाला नव्हता. म्हणून ती हसली असावी.

रोल धुऊन आला तेव्हा त्या फोटोत राजांगणातली तुळस स्वच्छ आली होती, भिंतीचे चिरे मोजता येत होते, आणि त्यांच्यापुढे माणसाच्या आकाराचा एक काळा ठिपका होता. स्टुडिओतल्या गृहस्थांनी नेगेटिव्ह दिव्याखाली धरून पाहिले आणि म्हणाले, “फाटल्यान उजवाड आसलो, म्हूण तोंड काळें आयलां.” पुढच्या वर्षी श्रावणात आजी गेली. ते नेगेटिव्ह आजही आमच्यापाशी आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही ते संगणकावर चढवून आजीचा चेहरा वर काढता येतो का, हे पाहिले. तो येत नाही. फिल्मच्या ज्या भागावर पुरेसा प्रकाश पडलाच नाही तो भाग धुतल्यावर जवळजवळ कोराच राहतो, आणि जेथे काही उमटलेच नाही तेथून काही काढता येत नाही. आजीला तोंड राजांगणाकडे करून बसावयास सांगितले असते आणि आम्ही चार पावले चालून पलीकडे जाऊन उभे राहिलो असतो, तर काम झाले असते. कॅमेऱ्यात काहीच खोट नव्हती. उजेड कोणीकडून येतो आहे हे पाहावयाचे असते, हेच आम्हांला कोणी सांगितले नव्हते.

आता कोणी म्हणेल, ही जुनी रड झाली. आजचा भ्रमणध्वनी अशा वेळी आपण होऊन चेहरा उजळतो. खरे आहे. आजची यंत्रे एका दाबासरशी अनेक फोटो टिपतात आणि त्यांतले काळोखे व उजळ भाग जुळवून एक चित्र तयार करून देतात. परंतु आमची तक्रार नेमकी तेथेच आहे. यंत्राने चूक झाकली, की ती झाली हे मुलाला कळतच नाही. यंत्र जेथे हात टेकते (उदाहरणार्थ, चवथीच्या खोलीत, जेथे समईच्या वाती आणि माथ्यावरचा अंधार यांत जमीनअस्मानाचे अंतर असते) तेथे मूल चारशे वेळा बटण दाबते आणि चारशे वेळा तेच चित्र पदरात पडते. दोष कशात आहे हे ठाऊक नसल्यामुळे उपायही सुचत नाही. वास्तविक त्या विद्यार्थिनीने फ्लॅश बंद केला असता, भ्रमणध्वनी एखाद्या स्टुलावर टेकून स्थिर धरला असता, आणि सकाळी खिडकी उघडी असताना एकदा प्रयत्न करून पाहिला असता, तर चारशेंऐवजी चार फोटो पुरले असते.

आपल्या भाषेत या कलेला छायाचित्रण म्हणतात. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी जे ग्रीक शब्द आहेत त्यांचा अर्थ प्रकाश आणि लेखन असा आहे, आणि त्याला अनुसरून प्रकाशचित्र हा शब्दही मराठीत वापरला गेला आहे. दोन्ही शब्द आम्हांला आवडतात, कारण नवशिक्याने शिकावयाचे ते हेच, की उजेड कोठे आहे आणि सावली कोठे पडली आहे. बोलताना मात्र आपण मराठीत फोटो काढतो आणि घरी कोंकणीतही फोटो काडटात असेच म्हणतो. विहिरीतून पाणी काढावे, पाटीवर चित्र काढावे, तसाच फोटो काढावयाचा. इंग्रजीत तो घेतात. आम्हांला आपले क्रियापद अधिक कष्टाचे, आणि म्हणून अधिक खरे वाटते.

तर मग आरंभ कोठून करावा? आमच्या मते, घराच्या जमिनीवरून. ज्यांच्या घरावर अजून नळे किंवा मंगळुरी कौले आहेत त्यांनी दुपारी खाली पाहावे. कौलांच्या फटीतून आलेला कवडसा फट वेडीवाकडी असली तरी बहुधा गोलच असतो. तो गोल का? कारण तो त्या फटीचा आकार नसून सूर्याची प्रतिमा आहे. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणाच्या दिवशी, नाताळच्या सुटीत, ज्यांनी सकाळी अंगणातल्या झाडाखाली पाहिले असेल त्यांना पानांच्या सावल्यांमधून शेकडो लहान-लहान चंद्रकोरी जमिनीवर हलताना दिसल्या असतील. सूर्य कोरीएवढा उरला होता, म्हणून त्याच्या प्रतिमाही कोरीच्या झाल्या. कॅमेऱ्याचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे, आणि ते विकत आणावे लागत नाही.

यापुढची पायरी म्हणजे सूचिछिद्र कॅमेरा. चपलांच्या पुठ्ठ्याची पेटी घ्यावी, आतून काळा कागद चिकटवावा, एका अंगाला चौकोन कापून तेथे पातळ पत्र्याचा वा चांदीच्या कागदाचा तुकडा लावावा आणि त्याला सुईच्या टोकाने सुमारे अर्ध्या मिलिमीटरचे भोक पाडावे. समोरच्या बाजूस तेल लावलेला कागद ताणून बसवावा. डोक्यावर काळे कापड घेऊन भर उन्हात समोरचा माड पाहिला, की तो त्या कागदावर उलटा टांगलेला दिसतो. भोक मोठे केले तर चित्र उजळते, पण धूसर होते. लहान केले तर रेखीव होते, पण मंदावते. ज्या मुलाने हा खेळ स्वतःच्या हाताने एकदा केला त्याला छिद्र म्हणजे काय हे पुढे समजावून सांगावे लागत नाही.

त्यानंतर खऱ्या कॅमेऱ्याच्या तीन कळा. पहिली छिद्राची. भिंगातून किती प्रकाश आत घ्यावयाचा हे ती ठरविते. तिचे आकडे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतात: २.८, ४, ५.६, ८, ११, १६. आकडा जसा वाढतो तसे छिद्र लहान होते, आणि दर पायरीला प्रकाश निम्मा होतो. लहान छिद्राने जवळचे आणि दूरचे दोन्ही रेखीव येते. मोठ्या छिद्राने ज्यावर नेम धरला तेवढेच स्पष्ट राहून मागचे विरघळते. दुसरी कळ शटरची, म्हणजे तो प्रकाश किती वेळ आत येऊ द्यावयाचा याची. सेकंदाच्या पाचशेव्या भागात मैदानावरचा फुटबॉल हवेत थबकलेला दिसतो. तिसाव्या भागात तोच चेंडू शेपटी फुटल्यासारखा पसरतो, आणि हात हलला असेल तर सगळे मैदानच हलते. तिसरी कळ संवेदनशीलतेची, जिला आय.एस.ओ. म्हणतात. ती वाढविली की थोड्या उजेडातही चित्र येते, परंतु त्यात रवाळपणा शिरतो.

या तिघांचा हिशोब शिकविण्यास आम्हांला एक जुना आडाखा फार उपयोगी वाटतो. लख्ख ऊन असेल तर छिद्र १६ वर ठेवावे आणि आय.एस.ओ. जेवढा तेवढ्याव्या भागाचे शटर ठेवावे; आय.एस.ओ. १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग, किंवा यंत्रावर असेल तो त्याच्या जवळचा आकडा, बहुधा १२५. मग छिद्र एक पायरी उघडून ११ वर आणले तर शटर दुप्पट वेगाचे हवे. हे त्रैराशिक आठवीच्या मुलाला सहज जमते. मापन करणारे यंत्र नसतानाही अनेक छायाचित्रकारांचे काम अशा आडाख्यांवर चाले.

भ्रमणध्वनीत छिद्राची कळ बहुधा नसते. तरीही पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट टेकले, की यंत्र त्या जागेला धरून उजेड ठरविते, आणि बहुतेक यंत्रांत बोट वरखाली सरकवून तो कमीजास्त करता येतो. एवढे केले तरी पुष्कळ साधते. देवळाची पांढरी दीपमाळ चौकटभर घेतली, की ती पुष्कळदा मळकी येते. याचे कारण यंत्राला पांढरे आणि काळे कळत नाही. ते सर्व काही मध्यम करड्याच्या सुमारास आणू पाहते. तेथे उजेड किंचित वाढवावा. उलट, काळ्या पाषाणाची मूर्ती असेल तर किंचित उतरवावा. बोटांनी चित्र ताणून जवळ आणण्याचा मोह टाळावा, कारण साध्या यंत्रात ते जवळ येत नाही, नुसते कापले जाते; त्यापेक्षा आपण दोन पावले पुढे जावे. आणि सर्वांत आधी भिंग स्वच्छ सुती कापडाने पुसावे. आम्हांला दाखविलेल्या निम्म्या धूसर फोटोंचे रहस्य मोदकाच्या तुपात होते.

ही विद्या शाळेत कशाला, असा प्रश्न आम्हांला विचारण्यात आला आहे. त्याला उत्तर असे, की शाळेत ती फार पूर्वीच येऊन गेली आहे. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची रीत जगापुढे मांडली गेली, १८५४ साली मुंबईत छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली, आणि १८५५ साली तेथल्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. त्या काळच्या मुंबईत हा नाद करणाऱ्यांत डॉ. नारायण दाजी हे होते. आपल्या पेडणे महालातील मांद्रे येथे जन्मलेल्या डॉ. भाऊ दाजी लाडांचे ते बंधू. राहता राहिली मुलांची गोष्ट. १९०० साली ईस्टमन यांच्या कोडॅक कंपनीने ब्राउनी नावाचा कॅमेरा एक डॉलर किमतीला विकावयास काढला, तो मुलांना डोळ्यांपुढे ठेवूनच. ती एक पुठ्ठ्याची पेटी होती आणि तीत एक साधे भिंग होते. तिच्या रोलात सहा फोटो निघत.

सहा! या आकड्यापाशी आम्ही मुद्दाम थांबतो. ज्याच्यापाशी सहाच फोटो आहेत तो मुलगा बटणावर बोट ठेवण्यापूर्वी काय करीत असेल? तो विषयाभोवती एक फेरी मारीत असेल, दुपारचे ऊन उतरण्याची वाट पाहत असेल, आजीला उठून इकडे बसतेस का असे विचारीत असेल. आज फोटो फुकट झाला आणि ही वाट पाहण्याची सवय गेली. म्हणून आमची सूचना अशी, की नवशिक्याने स्वतःवर संख्येचे बंधन घालून घ्यावे. महिन्याला छत्तीस, एका रोलाएवढे. प्रत्येकाची वहीत नोंद करावी: दिवस, वेळ, उजेड कोणत्या बाजूचा, काय साधावयाचे होते आणि काय आले. महिनाअखेर त्यांतले दोन निवडून बाकीचे का बाद केले ते एका ओळीत लिहावे. हे बंधन मुलांना जाचक वाटेल हे आम्ही जाणतो. आम्ही स्वतः गेल्या वर्षी तीन महिने ते पाळले, आणि दुसऱ्या महिन्यात सव्वीस फोटोंवरच थांबलो. उरलेले दहा काढावेसे वाटलेच नाहीत.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आम्हांला तिन्ही कळांहून महत्त्वाची वाटते. मागे एकदा सहलीहून परतताना आमची मुले बाजारात उतरली. मासळी विकणारी एक बाई दमून, डोक्याला हात लावून, टोपलीपाशी बसली होती. चार-पाच मुलांनी तिच्यावर यंत्रे रोखली. तिने पदर ओढून तोंड झाकले, तरी मुले हटली नाहीत. उलट तो पदरातला फोटो किती छान आला म्हणून एकमेकांना दाखवू लागली. आम्ही त्यांना मागे फिरविले आणि तिची क्षमा मागावयास लावली. ती म्हणाली, “विचारलें आसलें जाल्यार हांवें केंस सारके केल्ले.” विचारले असते तर तिने केस नीट केले असते! तिची हरकत फोटोला नव्हतीच.

भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ज्यांचा गौरव होतो त्या होमाई व्यारावाला यांचे उदाहरण आम्ही या संदर्भात वर्गात सांगतो. त्यांचा जन्म १९१३ साली नवसारीस झाला. उत्तरायुष्यात त्या वडोदऱ्यास राहिल्या आणि २०१२ साली तेथेच निवर्तल्या. आरंभी त्यांचे फोटो त्यांच्या पतीच्या नावाने छापले जात. पुढे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील दिल्लीचे कितीतरी प्रसंग त्यांनी टिपले. असे असता १९७० साली त्यांनी हा व्यवसाय सोडून दिला, आणि त्याचे जे कारण त्या सांगत त्यात नव्या छायाचित्रकारांची सुटत चाललेली शिस्त व सभ्यता हेही होते. मोठमोठ्या पुढाऱ्यांचे फोटो काढणाऱ्या बाईंना जी मर्यादा महत्त्वाची वाटली ती मासळीबाजारात आपल्या मुलांनी मोडावी, याचे आम्हांला वाईट वाटते. माणसाचा फोटो विचारून काढावा; काढला की त्याला दाखवावा; नको म्हणाला तर त्याच्यादेखत पुसून टाकावा; आणि त्याच्या संमतीवाचून तो कोणाला पाठवू नये. लहान भावंडांचे आणि वर्गमैत्रिणींचे फोटो तर मुळीच नाहीत.

खर्चाविषयी पालकांनी चिंता करू नये. वर सांगितलेल्या अभ्यासाला घरात आहे तो भ्रमणध्वनी, एक वही आणि चपलांची पेटी पुरते. पैसे खर्चावयाचेच असतील तर ते छापण्यावर खर्चावे. वर्षाकाठी बारा-पंधरा फोटो कागदावर छापून घेऊन त्यांच्या पाठीवर पेन्सिलीने नाव, गाव आणि तारीख लिहावी. भ्रमणध्वनी पाण्यात पडतो, जुना होतो, चोरीस जातो, आणि त्याच्याबरोबर घरातली पाच वर्षे जातात. आजीचे ते काळे नेगेटिव्ह चोवीस वर्षांनंतरही निदान हातात धरता येते.

आमच्या शाळेपुरती आम्ही एक योजना केली आहे. नव्या वर्षात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी साडेआठ ते साडेदहा, विज्ञानाच्या प्रयोगशाळेला लागून असलेल्या खोलीत इयत्ता आठवी व नववीसाठी छायाचित्रणाचा वर्ग भरेल. पहिल्या वर्गास कोणीही कॅमेरा वा भ्रमणध्वनी आणावयाचा नाही. पुठ्ठ्याची पेटी, काळा कागद, सुई, कात्री आणि डिंक एवढेच आणावे. खोलीच्या खिडक्या आम्ही आदल्या दिवशी काळ्या कागदाने बंद करून ठेवू आणि एकाच खिडकीस लहानसे भोक ठेवू. समोरच्या भिंतीवर शाळेचे मैदान उलटे उतरलेले सर्वांना पाहता येईल. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या आधी त्यांना दिवसाच्या तीन वेळी घरातल्या तीन जागी बसवून पाहावे आणि कोणत्या जागी त्यांच्या डोळ्यांत उजेड दिसतो ते वहीत लिहून आणावे. फोटो काढण्याची घाई नाही.